डब्याची चाल

१

होडी पळवायला अक्कल लागत नाही. कान पिळला की मशीन पळतंच. होडी हळू चालवायला अक्कल लागते, आणि ती जहूरकडे होती. निदान त्याचं तसं म्हणणं होतं, आणि कतारच्या नजमा वस्तीतल्या त्या आठ जणांच्या खोलीत त्याच्याशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती.

जहूर दाभोळच्या खाडीकाठचा. बाप, आजा, सगळे पाण्यातले. कतारात तो एका कंपनीच्या गॅरेजात डिझेल मेकॅनिक होता. सहा दिवस इंजिनांच्या पोटात हात घालायचा आणि शुक्रवारी पहाटेचा चहा मारून वक्र्याच्या किनाऱ्यावर जायचा. तिथं अब्बास नावाच्या इराण्याची फायबरची लहान होडी भाड्यानं मिळायची. जुम्म्याच्या नमाजाच्या आत मासळी घेऊन खोलीवर परत.

त्याला लागायची ती सुरमई. सुरमई बसल्या जागी गळाला येत नाही. तिला चालतं आमिष लागतं. गळाला बांगडा शिवायचा, तीसेक हात दोरी मागं सोडायची, आणि होडी अशी हाकायची की मेलेला बांगडा जिवंत वाटला पाहिजे. जरा जोरात गेलं की बांगडा गिरक्या खातो, आणि सुरमईला कळतं की हा मेलाय. मासळी माणसापेक्षा शहाणी.

आता घोळ असा, की अब्बासचं मशीन पंचवीस घोड्यांचं. कितीही कमी करा, होडी पळतेच. त्याहून कमी केलं की प्लग काळा पडतो आणि मशीन खोकत खोकत बंद. नवशिके इथं मशीनला शिव्या घालतात. जहूरनं रंगाचा रिकामा डबा उचलला. पत्र्याचा, पाच गॅलनचा, तारेच्या कडीचा. कडीला चार हात दोर बांधून होडीच्या मागच्या कोपऱ्यातल्या खुंटीला अडकवला आणि डबा पाण्यात सोडला. डबा तोंड वासून पाणी गिळतो आणि होडीला मागं धरतो. मशीन आपलं खुशाल चालतं, होडी मात्र भरल्या दिवसांच्या बाईसारखी जपून पाऊल टाकते.

खोलीतली माणसं तिला डब्याची चाल म्हणायची. कुणी जिना सावकाश चढला तरी वरून आवाज यायचा, "काय रे, डबा बांधलाय काय?"

ही थट्टा अठ्ठ्याहत्तर सालापर्यंत चालली. मग बंद पडली. डबा सांभाळणारा निवृत्तीच समुद्रात गेला.

२

निवृत्ती साताऱ्याकडचा, माण तालुक्यातला. त्याच्या गावात विहिरीला पाणी नाही, आणि हा शुक्रवार आला की समुद्रावर जायला सगळ्यांच्या आधी पायात चपला घालून उभा. पोहता काही येत नव्हतं. धंद्यानं शटरिंगचा सुतार. त्या लोकांची एक रीत असते. बांधकामाच्या उंच परांचीवर ओरडलेलं खाली ऐकू येत नाही, म्हणून पाइपावर हातोडीनं ठोकतात. दोन ठोके म्हणजे थांब. एक ठोका म्हणजे सोड, जाऊ दे. मशीनच्या आवाजात बोलणं कळत नाही म्हणून निवृत्तीनं तीच रीत होडीत आणली. डबा ओढून घ्यायचा असला की फळीवर दोनदा ठोकायचा, जहूर मशीन बंद करायचा. डबा परत पाण्यात टाकला की एकदा ठोकायचा. जहूर होडी सोडायचा. तारेची कडी हाताला कापते म्हणून आपल्या हिरव्या चौकड्याच्या टॉवेलाची पट्टी फाडून त्यानं कडीला गुंडाळली होती.

तो गेला तेव्हा होडीत त्याच्याबरोबर जहूर एकटाच होता. पोलिसांना, कंपनीला आणि गावच्या पत्रात त्यानं एकच सांगितलं. "मी सुरमईच्या नादात होतो. मागं बघितलं तर निवृत्ती नाय. बुडताना मी बघितला नाय." मयत सापडलं नाही. जहूरनं त्यानंतर होडी सोडली.

तीन वर्षांनी, एक्याऐंशीच्या फेब्रुवारीत, निवृत्तीचा धाकटा भाऊ बाजीराव आला. त्याच धंद्यावर, दुसऱ्या कंपनीत. पहिल्याच शुक्रवारी विचारत विचारत नजम्यात खोलीवर पोचला. उस्माननं त्याला चहा दिला. उस्मान म्हणजे खोलीचा स्वयंपाकी, तोही रत्नागिरीकडचा.

बाजीरावनं चहा खाली ठेवला. "चाचा, तुमी अण्णाला बुडताना बघितलं न्हाई, असं पत्रात हाय."

"हां."

"मंग बुडला कशावरनं?"

जहूरचं डोकं फिरलं. "अरे, पोवता न येणारा माणूस समुद्रात पडला नि वर आला नाय. मग काय उडून गेला?"

"माझं काय न्हाई वो. वैनी म्हणती." बाजीराव हातातली टोपी चुरगाळत होता. "पारूवैनी. कुकू पुसंना. म्हणती, कुनी डोळ्यानं बघितलंय? एकाद्या बोटीनं उचलला आसंल, इराणात न्हेला आसंल, याद गेली आसंल. रोज सांजंला उंबऱ्यावर तांब्या भरून ठिवती. आईनं गवताचा पुतळा करून किरिया करायची म्हटली, तर पुतळ्यावर आडवी पडली. चाळीस बी न्हाई तिला आजून."

उस्मान भांडी घासायला बसला.

"एकानं छातीवर हात ठिवून म्हणावं, म्या बघितलं. तेवढं लिवतो. ती मोकळी हुईल."

एक वाक्य होतं. ते जहूरच्या दातांपर्यंत आलं आणि तिथंच बसलं. तो म्हणाला, "जे बघितला नाय ते कसा बोलू?"

"मंग जागा तरी दावा."

"ने की त्याला," उस्मान भांडी घासता घासता म्हणाला. "तुजा काय जाताय?"

आता नाही म्हटलं असतं तर विचारलं असतं, का नाही. जहूर म्हणाला, "येत्या शुक्रवारी. इन्शाल्ला."

३

वक्र्याला सकाळी वारा नव्हता. पाणी परातीतल्यासारखं. अब्बासनं जहूरला मिठी मारली, तीन वर्षं कुठं मेला होतास म्हणाला, आणि होडी ढकलून दिली. "यल्ला!"

होडीत बसायची जागा ठरलेली. मशीनचा दांडा मागं, म्हणून जहूर मागं, तोंड पुढं. बाजीराव पुढच्या फळीवर, तोंड जहूरकडे. म्हणजे जहूरला बाजीराव दिसणार, आणि बाजीरावला जहूर आणि जहूरच्या मागचं सगळं पाणी. बाजीरावच्या मांडीवर नारळ होता. तो त्यानं दोन्ही हातांनी असा धरला होता जसं कुणाचं लेकरू धरलंय.

दीड तास गेल्यावर, किनाऱ्यावरची मशीद बोटाएवढी झाली तेव्हा, जहूर म्हणाला, "इथंच कुठंतरी."

"आसं नगं." बाजीराव हट्टाला पेटला. "त्या दिशी जसं केलं तसं करा. दोरी सोडा. तसंच न्या. मग कुठं ते मला कळंल."

"काय कळंल तुला?"

"न्हाई कळलं तर न्हाई."

जहूर मनातल्या मनात शिव्या देत राहिला, पण बांगडा शिवला. दोरी सोडली. डबा आणलेलाच नव्हता, आणि तसं त्यानं बाजीरावला सांगितलं. आणायची गोष्ट सोडा, रंगाचा डबा रस्त्यात दिसला तरी तो फूटपाथ बदलायचा. मशीन जितकं कमी होईल तितकं त्यानं केलं. होडी पळणारच, बांगडा गिरक्या खाणारच. खाऊ दे. कुणाला मासा हवाय?

होडी पळाली नाही.

आधी त्याच्या ते ध्यानातच आलं नाही, कारण चाल ओळखीची होती. बुडाला, मांडीला, दांड्यावरच्या हाताला ओळखीची. बांगडा मागं सरळ येत होता, शेपूट हलवत, जिवंतासारखा.

"लई झ्याक चाललीया," बाजीराव म्हणाला. "बैलगाडीवानी."

तेव्हा जहूरच्या ध्यानात आलं. ही डब्याची चाल होती, आणि डबा नव्हता.

४

मेकॅनिक माणूस. भुताखेतांवर त्याचा भरवसा नव्हता. वस्तू हळू चालते म्हणजे तिला काहीतरी धरतंय, आणि धरतंय ते हातानं काढता येतं. पंख्यात शेवाळ अडकलं असेल. त्यानं मशीन बंद करून पंखा पाण्याबाहेर उचलला. पंखा स्वच्छ. तळाला जाळं लागलं असेल. वल्हं घालून या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपलं. काही नाही. प्लग काढून बघितला, कोरडा, तपकिरी, जसा असावा तसा. पाण्याची ओढ असेल उलटी. त्यानं सुपारीचं खांड पाण्यात टाकलं. ते जागच्या जागी बुडालं.

"काय झालं, चाचा?"

"काय नाय. गप बस."

परत चालू केलं. होडी उधळली, दहा-बारा हात गेली आणि मागून कुणी पदर धरावा तशी मंदावली. कान पिळला. मशीन किंचाळलं. चाल तीच.

मग आवाज आला. मशीनच्या आवाजाखाली, उजव्या बाजूला, त्याच्या कंबरेच्या मागं. गुडुप्. जरा थांबून, गुडुप्. पत्र्याच्या तोंडात पाणी शिरतं तेव्हा होतो तो.

मागं बघायचं नाही असं त्यानं ठरवलं. बघण्यासारखं काही नसेल तर बघायचं कशाला? हात मात्र मागं नेऊन खुंटी चाचपली. खुंटी उघडी होती. दोराचा पत्ता नव्हता. पण खुंटी थरथरत होती, ताणलेला दोर अडकवलेल्या खुंटीसारखी. त्यानं बोट चटका बसल्यागत काढून घेतलं.

डब्याचं वजन त्याच्या अंगात मुरलेलं होतं. डबा होडीला किती मागं धरतो ते तो झोपेत सांगू शकला असता. आज मागं होतं ते डब्याहून जड होतं. हे वजन त्यानं जन्मात एकदाच ओढलं होतं.

५

ते आता सांगून टाकलेलं बरं.

त्या दिवशी डब्यात शेवाळ भरलं म्हणून निवृत्ती दोर ओढायला वाकला. लाट नव्हती, काही नव्हतं, ओल्या फायबरवरून पाय सटकला. जहूरनं धप्प ऐकलं, आणि त्याच घडीला हातातल्या दोरीला हिसका बसला. मोठी सुरमई. जहूरनं एकदा मागं बघितलं. निवृत्तीनं डबा धरला होता. तोंड पाण्याच्या वर होतं आणि डोळे जहूरवर होते.

बरं झालं, धरून आहे, असं जहूरला वाटलं. मशीन बंद केलं तर दोरी ढिली पडणार आणि सुरमई गळ थुंकणार. दोन मिनिटांचा प्रश्न. भिजला तर भिजला.

आणि होडी माणसाच्या वजनानं अशी मंद झाली, अशी एकसारखी झाली, की तसली चाल जहूरला कधी साधली नव्हती. त्याला बरं वाटलं. हे त्यानं पुढं अल्लालासुद्धा सांगितलं नाही. बरं वाटलं.

मग उजव्या फळीवर ठोके पडले. निवृत्ती दोराला धरून होडीपर्यंत सरकत आला असणार. दोन ठोके.

"आलो रे, थांब!"

सुरमई खाली गेली, जहूरनं दोरी दिली. परत दोन ठोके, आधीपेक्षा हळू.

"थांब म्हटलं ना!"

सुरमई वर आली. चांदीची लादी. जहूर तिला आत घ्यायला वाकला तेव्हा तिसऱ्यांदा ठोका पडला. एकच. आणि होडी हलकी झाली.

त्यानं मशीन बंद केलं तेव्हा पाण्यावर काही नव्हतं. तासभर तो ओरडत फिरला, तेवढं खरं. डबा ओढून घेतला तर तारेची कडी सरळ झालेली आणि एका बाजूनं निखळलेली. रिकाम्या डब्यानं कडी सरळ होत नाही. बघणाऱ्याला कळलं असतं की हिच्यावर माणूस लोंबला होता, आणि बराच वेळ लोंबला होता. जहूरनं दोर कापला आणि डबा बुडवला. पोलिसांना म्हणाला, डबा त्याच्याबरोबरच गेला.

सुरमई खोलीवर आली. तिचं काय करायचं ते उस्मानला कुणी सांगितलं नव्हतं, त्यानं ती कापली आणि शिजवली. माणसं रडत होती, पण दिवसभराची उपाशी होती. जहूरच्या ताटात दोन तुकडे पडले. त्यानं दोन्ही खाल्ले.

६

"चाचा," बाजीराव म्हणाला, "तुमी सांगितलं डबा न्हाई."

"नाय."

"मंग मागं काय वडताय?"

जहूर त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. बघायला दुसरं काही नव्हतं. बाजीरावची नजर जहूरच्या उजव्या खांद्यावरून मागं गेली होती, पाण्यावर, चारेक हातांवर. कपाळाला आठी होती. मग ती आठी सुटली. त्या चेहऱ्यावर भीती आली असती तर जहूरला सोसली असती. भीती आली नाही. एसटी स्टँडवर गर्दीत घरचं माणूस दिसलं की तोंड कसं होतं, तसं बाजीरावचं तोंड झालं.

जहूरला तो चाचा म्हणायचा.

तो म्हणाला, "अण्णा."

नारळ मांडीवरून घरंगळून तळाला पडला. दोघांपैकी कुणी तो उचलला नाही.

गुडुप् थांबलं. होडीची उजवी बाजू जराशी खाली गेली. आणि फळीवर, जहूरच्या कंबरेपासून वीतभर अंतरावर, दोन ठोके पडले.

"दोन ठोकं पडलं," बाजीराव पुटपुटला. तोही त्याच धंद्यातला. "चाचा, थांबवा. थांब म्हणतोय."

जहूरचा हात दांड्यावर होता. गेली तीन वर्षं झोपेत रोज हा हात मशीन बंद करायचा. आता जागेपणी त्याला बंद करायला किती वेळ लागला कोण जाणे. मशीन बंद पडलं. समुद्र एकदम मोठा झाला. मागं पाणी ठिबकत होतं, पाण्यातून वर आलेल्या कपड्यांचं ठिबकतं तसं.

माणूस असता तर हात दिला असता. मान वळवून, खाकेत हात घालून, आत ओढला असता. जहूरची मान वळेना. लोकांना वाटेल भ्याला. भीती ही चीज सोपी असते, माणूस ओरडतो, पळतो. हे तसं नव्हतं. ते डोळे परत बघायचे आणि त्यांनी आपल्याला बघायचं, हे त्याला होईना. त्यानं मान खाली घातली आणि उजवा हात तसाच, आंधळ्यासारखा, मागं केला.

हात बराच वेळ रिकामा राहिला.

मग तळव्यात काहीतरी ठेवलं गेलं. टाकलं नाही. लहान पोराच्या हातात वस्तू देताना मूठ मिटवून देतात तसं, बोटं मिटवून. ती बोटं गार नव्हती. त्यावर जहूर पुढं आयुष्यभर विचार करणार होता. समुद्राएवढीच गरम होती.

त्यानं हात पुढं आणला. गंजलेली तार होती. सरळ. मधोमध टॉवेलाची पट्टी, हिरव्या चौकड्याची, ओली.

७

बाजीरावनं तार बघितली. पट्टी बघितली. तो टॉवेल कधीकाळच्या दिवाळीत त्यानंच म्हसवडच्या बाजारात घेऊन दिला असावा, अशा नजरेनं बघितली. माणूस अडाणी असला म्हणून हिशेब कळत नाही असं नसतं.

"ह्याला धरून हुता?"

"हां."

"तुमाला ठाव हुतं."

"हां." जहूर तारेकडे बघत म्हणाला, "बघितला मी. दोनदा ठोकला त्यानं. परत दोनदा ठोकला. मी थांबवला नाय."

"किती येळ?"

खोटं बोलायला अजून जागा होती. थोडा वेळ म्हणता आलं असतं. जहूर म्हणाला, "सुरमई होडीत येयपर्यंत."

बाजीराव शिवी देईल, अंगावर येईल, याची जहूर वाट बघत होता. आला असता तर बरं झालं असतं. बाजीरावनं तार त्याच्या हातातून काढून घेतली, डोक्यावरची टोपी काढून त्यात गुंडाळली आणि कुडत्याच्या आत ठेवली.

"वैनीला लिवतो," तो म्हणाला. "म्हणतो, बघितल्यालं माणूस भेटलं. किती येळ ते न्हाई लिवत."

हे ऐकून जहूरला जी लाज वाटली तशी तीन वर्षांत वाटली नव्हती. मारलं असतं तर चाललं असतं.

"चला आता," बाजीराव म्हणाला. "सावकाश न्या."

जहूरनं मशीन चालू केलं. होडी पुढं झाली, ताणली गेली आणि त्याच चालीला लागली. कान पिळायला त्याचा हात उचलला नाही. दीड तासाच्या वाटेला चार तास लागले. ऊन डोक्यावर आलं, मशिदीतून जुम्म्याची बांग झाली ती पाण्यावरून बारीक ऐकू आली, नमाजाची वेळ निघून गेली. मागं गुडुप्, गुडुप् चालू होतं. अब्बास हातांचा आडोसा करून धक्क्यावर उभा असलेला दिसायला लागला.

बाजीरावनं सगळ्या वाटेत जहूरकडे एकदाही बघितलं नाही. तो त्याच्या खांद्यावरून मागंच बघत होता. मधूनमधून "हां" म्हणत होता, मान हलवत होता, एकदा तर डोळे पुसून हसला. घरचं कुणी लांबचं सांगत असावं आणि आपण ऐकून घ्यावं, तसं.

काय सांगणं चाललं होतं ते जहूरला कळत नव्हतं असं नाही.

तो दांडा धरून, मान घालून बसला होता आणि उजव्या फळीकडे कान लावून एकाच गोष्टीची वाट बघत होता. एक ठोका पडावा, सोड म्हणणारा. एकच.

होडी वाळूला लागली तरी तो पडला नाही.